कायद्याचा सल्ला आणि व्यवसायाचा सल्ला : गोपनीयतेच्या विशेषाधिकाराची सीमारेषा

आधुनिक कंपनीत कायद्याचे निर्णय आणि व्यवसायाचे निर्णय वेगवेगळ्या दालनांत होत नाहीत. परदेशातील एखादी कंपनी विकत घ्यावयाची असो, वरिष्ठ अधिकाऱ्यास मुदतीपूर्वी निरोप द्यावयाचा असो किंवा कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची योजना आखावयाची असो. संचालक, वित्तप्रमुख, सनदी लेखापाल आणि वकील हे सारे एकाच पत्रव्यवहारात सहभागी असतात. या पत्रव्यवहारापैकी नेमका कोणता भाग न्यायालय, तपास यंत्रणा आणि खुद्द भागधारक यांच्यापासून गोपनीय राखण्याचा हक्क कंपनीस आहे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वकिलांच्या आस्थेचा वाटतो. प्रत्यक्षात तो माहितीच्या अर्थशास्त्राचा आणि निगम सुशासनाचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयामुळे तो नव्याने चर्चेत आला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या चौथ्या प्रश्नपत्रिकेत निगम सुशासनाचा स्वतंत्र उल्लेख असल्याने स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनीही या विषयाची मूलभूत मांडणी समजून घेणे आवश्यक ठरते.

बंगळुरूचे उदाहरण

इन्फोसिस या कंपनीची स्थापना १९८१ साली पुण्यात झाली आणि १९८३ साली तिचे मुख्यालय बंगळुरूला गेले. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंदणी झालेली ती पहिली भारतीय कंपनी ठरली. हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, त्या दिवसापासून कंपनीच्या कारभारावर भारताबरोबरच अमेरिकेचे कायदेही लागू झाले आणि तिच्या विधी सल्लागारांना एकाच वेळी दोन व्यवस्थांच्या अपेक्षा पूर्ण कराव्या लागल्या.

फेब्रुवारी २०१५ मध्ये इन्फोसिसने पनाया ही इस्रायली मुळाची सॉफ्टवेअर कंपनी २० कोटी डॉलर मूल्यास घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी राजीव बन्सल यांनी पद सोडले. त्यांना निरोपादाखल १७.३८ कोटी रुपये देण्याचे ठरले होते. पैकी सुमारे ५.२ कोटी रुपये दिल्यानंतर कंपनीने उर्वरित रक्कम रोखली. २०१७ च्या प्रारंभी या दोन्ही व्यवहारांबाबत निनावी जागल्याची तक्रार सेबीकडे गेली. संचालक मंडळाने गिब्सन डन अँड क्रचर या अमेरिकी विधी संस्थेकडे चौकशी सोपविली आणि कंट्रोल रिस्क्स या संस्थेने तीत साह्य केले. आरोपांच्या पुष्ट्यर्थ पुरावा आढळला नाही, असा निष्कर्ष जून २०१७ मध्ये कंपनीने सारांशरूपाने प्रसिद्ध केला.

सहसंस्थापक आणि भागधारक नारायण मूर्ती यांचे यावर समाधान झाले नाही. सारांश नको, संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करा, अशी त्यांची मागणी होती. १८ ऑगस्ट २०१७ रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला आणि २४ ऑगस्ट रोजी नंदन नीलेकणी अध्यक्षपदी परतले. आता अहवाल बाहेर येईल अशी अनेकांची अटकळ होती. परंतु ऑक्टोबर २०१७ मध्ये नव्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील मंडळानेही पूर्वीचेच निष्कर्ष कायम ठेवले आणि संपूर्ण अहवाल प्रसिद्ध न करण्याचे ठरविले. तपशील उघड केल्यास भविष्यात कोणतीही चौकशी परिणामकारकपणे करणे कंपनीस अवघड जाईल, कारण चौकशीत माहिती देणाऱ्यांचा मोकळेपणा गोपनीयतेच्या हमीवर अवलंबून असतो, असे त्याचे कारण देण्यात आले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. हे कारण केवळ सबब म्हणून बाजूस सारता येत नाही. आज सांगितलेली गोष्ट उद्या वर्तमानपत्रात छापून येणार असेल, तर कोणताही कर्मचारी चौकशी अधिकाऱ्यास मोकळेपणाने काही सांगणार नाही. म्हणजेच प्रकटीकरणाच्या सक्तीमुळे प्रकट करण्याजोगी माहितीच मुळात निर्माण होत नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अहवाल ज्यांच्या निर्णयांविषयी आहे तेच त्याचा सारांश लिहून घेणार आणि ज्यांचे भांडवल गुंतलेले आहे त्यांनी त्यावर विसंबून राहावयाचे, ही माहितीच्या विषमतेची नमुनेदार स्थिती होय. माझ्या मते व्यवहाराचे मूल्यांकन, त्यासाठीच्या मंजुऱ्या आणि त्यांचे दिनांक हा वस्तुस्थितीचा भाग वकिलांच्या मतापासून वेगळा काढून प्रसिद्ध करणे शक्य होते आणि ते इष्टही होते. बन्सल प्रकरणाचा शेवट या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१८ साली लवादाने उर्वरित १२.१७ कोटी रुपये व्याजासह देण्याचा आदेश कंपनीस दिला, तर २०१९ साली या प्रकरणातील प्रकटीकरण आणि मंजुरीविषयक त्रुटींबाबत कंपनीने सेबीकडे रक्कम भरून तडजोड केली.

कायद्याचा मजकूर

वकील आणि अशील यांच्यातील संवादास मिळणारे संरक्षण भारतात १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ ते १२९ मध्ये होते. या अधिनियमाचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी केला होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली असून या तरतुदी आता कलम १३२ ते १३४ मध्ये आहेत. ‘बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर, वकील’ ही वसाहतकालीन मालिका जाऊन तेथे केवळ ‘अधिवक्ता’ हा शब्द आला आहे. मूळ तत्त्व मात्र बदललेले नाही.

कलम १३२ वकिलावर बंधन घालते. अशिलाच्या संमतीवाचून, व्यावसायिक सेवेच्या ओघात आणि त्या सेवेच्या प्रयोजनार्थ अशिलाने त्यास सांगितलेली गोष्ट, त्याने अशिलास दिलेला सल्ला आणि त्याच्या पाहण्यात आलेल्या दस्तऐवजांचा आशय त्याने उघड करावयाचा नाही. कलम १३४ अशिलास संरक्षण देते. विधी सल्लागाराशी झालेला गोपनीय संवाद न्यायालयात उघड करण्याची सक्ती त्याच्यावर होऊ शकत नाही. मात्र तो स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहिल्यास त्याची साक्ष समजून घेण्यासाठी आवश्यक तेवढा संवाद उघड करावा लागतो. विद्यार्थी या दोन कलमांत नेहमी गल्लत करतात. हक्काचा धनी दोन्ही ठिकाणी अशीलच असतो. वकील हा त्या हक्काचा केवळ राखणदार आहे, म्हणूनच तो आपल्या मर्जीने तो हक्क सोडून देऊ शकत नाही.

या संरक्षणास दोन अपवाद आहेत. बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी केलेला संवाद संरक्षित नाही आणि काम स्वीकारल्यानंतर घडलेला गुन्हा वा लबाडी दर्शविणारी, वकिलाच्या नजरेस आलेली वस्तुस्थितीही संरक्षित नाही. अधिनियमातील उदाहरणे येथे फार उपयोगी पडतात. ‘मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा’ असे अशिलाने सांगितले तर ते संरक्षित आहे. कारण गुन्हेगार म्हणून ज्ञात असलेल्याचा बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नव्हे. ‘खोट्या दस्ताच्या आधारे मला मालमत्तेचा ताबा मिळवायचा आहे, दावा दाखल करा’ असे सांगितले तर ते संरक्षित नाही. पहिला संवाद घडून गेलेल्या कृत्याविषयीचा आहे, तर दुसरा घडावयाच्या कृत्याविषयीचा.

हा भेद अर्थशास्त्रातही महत्त्वाचा आहे. जेरेमी बेंथम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विशेषाधिकारावर कठोर टीका केली होती. निरपराध्यास लपविण्याजोगे काही नसते, तेव्हा या संरक्षणाचा लाभ केवळ अपराध्यास होतो, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे लुई कॅप्लो आणि स्टीव्हन शॅव्हेल या अभ्यासकांनी कृत्यानंतरचा सल्ला आणि कृत्यापूर्वीचा सल्ला यांचे वेगवेगळे विश्लेषण केले. कृत्यापूर्वीचा सल्ला वर्तन सुधारू शकतो, त्यामुळे समाजाच्या दृष्टीने त्याचे मोल असते. कंपन्यांचे विधी विभाग मुख्यतः हेच काम करीत असतात. नेमक्या याच कामात कायदा आणि व्यवसाय सर्वाधिक मिसळलेले असतात, हा या विषयातील खरा पेच आहे.

मिश्र सल्ला आणि हेतूची कसोटी

भारतीय कायद्यात मिश्र सल्ल्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. ‘सेवेच्या ओघात’ आणि ‘सेवेच्या प्रयोजनार्थ’ या शब्दांवरच सारी भिस्त आहे. वकिलाने ऐकले एवढे पुरेसे नाही. वकील म्हणून ऐकले पाहिजे. वकील मित्रास सहज विचारलेली किंमत, वकील संचालकाने मंडळाच्या बैठकीत मांडलेला विक्रीचा अंदाज, वकिलास केवळ माहितीसाठी पाठविलेली प्रत यांपैकी कशासही वकिलाचे नाव चिकटले म्हणून संरक्षण लाभत नाही. तथापि यापुढील तपशीलवार कसोटी आपल्याकडे अद्याप पुरेशी विकसित झालेली नाही. त्यासाठी इंग्लंड आणि अमेरिकेकडे पाहावे लागते.

इंग्लंडमधील पायाभूत खटल्यात योगायोगाने प्रतिवादी होती एअर इंडिया. बालाबेल विरुद्ध एअर इंडिया या १९८८ च्या प्रकरणात भाडेपट्ट्याच्या व्यवहारातील कंपनीचा आपल्या सॉलिसिटरशी झालेला पत्रव्यवहार मागण्यात आला होता. त्या पत्रव्यवहारातील प्रत्येक पत्रात कायद्याचा सल्ला होताच असे नाही. अपील न्यायालयाने व्यवहार्य भूमिका घेतली. वकील आणि अशील यांच्यात माहितीची अखंड देवघेव चालू असते. वेळोवेळी सल्ला देता यावा यासाठीच ती असेल, तर मधली साधी पत्रेही संरक्षित राहतात. शिवाय कायद्याचा सल्ला म्हणजे केवळ कलम सांगणे नव्हे, तर संबंधित कायदेशीर संदर्भात काय करणे शहाणपणाचे ठरेल हे सांगणेही होय. २००४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बँक ऑफ इंग्लंडसंबंधीच्या थ्री रिव्हर्स प्रकरणात हीच व्याख्या उचलून धरली. बुडालेल्या बीसीसीआय बँकेवरील देखरेखीच्या चौकशीपुढे आपली बाजू कशी मांडावी, याविषयीचा सल्लाही तेथे संरक्षित ठरला.

हा विस्तार फार झाला असे वाटावे, अशीच पुढची पायरी होती. ई-पत्राच्या युगात एकच मजकूर एकाच क्षणी वकिलास, विपणन प्रमुखास आणि जनसंपर्क अधिकाऱ्यास जातो. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०२० साली जेट२ या विमान कंपनीच्या प्रकरणात अशा सामायिक पत्रांसाठी ‘प्रमुख हेतू’ची कसोटी लावली. पत्राचा प्रमुख हेतू व्यावसायिक अभिप्राय मिळविणे हा असेल, तर सोबत कायदेशीर सल्लाही हवा होता एवढ्याने ते पत्र संरक्षित होत नाही.

अमेरिकेतील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १९८१ च्या अपजॉन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अंतर्गत चौकशीत कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वकिलास दिलेल्या माहितीस संरक्षण दिले. मिश्र हेतूंच्या बाबतीत मात्र अपील न्यायालयांत मतभेद आहेत. केलॉग ब्राउन अँड रूट प्रकरणात २०१४ साली कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने सौम्य कसोटी स्वीकारली. कायदेशीर सल्ला हा चौकशीच्या महत्त्वाच्या हेतूंपैकी एक असला तरी पुरे. २०२१ साली नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने करविषयक सल्ल्याच्या एका प्रकरणात मुख्य हेतू कोणता, हेच पाहिले. कायदा आणि लेखांकन यांचे मिश्रण असलेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी घेतले, जानेवारी २०२३ मध्ये युक्तिवादही ऐकले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत निर्णय न देता ते निकालात काढले. इतक्या अनुभवी न्यायव्यवस्थेसही जी रेषा आखता आली नाही, ती परीक्षार्थ्याने एका वाक्यात आखण्याचा मोह टाळावा.

संरक्षणाचा गैरवापर कसा होतो, याचेही उदाहरण अमेरिकेत मिळते. गूगल कंपनीविरुद्धच्या स्पर्धाविषयक खटल्यात २०२२ साली तेथील न्याय विभागाने असा आक्षेप घेतला की, नेहमीच्या व्यावसायिक पत्रांवर वकिलाचे नाव घालावे आणि त्यांवर गोपनीयतेचा शिक्का मारावा, असे कर्मचाऱ्यांना शिकविले जाते. वकील मात्र अनेकदा उत्तरही देत नाहीत. आपल्याकडील कार्यालयांतही ‘प्रत : विधी विभाग’ असे लिहिण्याची पद्धत सर्रास आढळते. तिचा पुराव्याच्या कायद्यातील उपयोग जवळजवळ शून्य आहे.

पगारी विधी अधिकाऱ्याचा प्रश्न

आता भारतातील सर्वांत वादग्रस्त मुद्द्याकडे वळू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्या व्यक्तीस वकिली करता येत नाही. २००१ साली सतीशकुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा काटेकोर अर्थ लावला होता. मग कंपनीच्या नोकरीतील विधी अधिकारी हा ‘वकील’ ठरतो काय? मुंबई उच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी बृहन्मुंबई महानगरपालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात उदार भूमिका घेतली होती. मालकास कायदेशीर बाबींवर सल्ला देणाऱ्या पगारी अधिकाऱ्यासही इतर वकिलांप्रमाणेच संरक्षण मिळावे, असे मत त्या न्यायालयाने व्यक्त केले. पुढे चार दशकांहून अधिक काळ देशातील कंपन्यांचे विधी विभाग मोठे होत गेले ते या गृहीतकाच्या भरवशावर.

२०२५ च्या निर्णयाची पार्श्वभूमीही मिश्र सल्ल्याचीच आहे. केअर हेल्थ इन्शुरन्स या कंपनीच्या कर्मचारी समभाग योजनेविषयी ज्येष्ठ वकील अरविंद दातार यांनी मत दिले होते. जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना आणि पाठोपाठ वकील प्रताप वेणुगोपाल यांना समन्स बजावले. वकील संघटनांच्या निषेधानंतर ती समन्स मागे घेण्यात आली आणि संचालकांच्या पूर्वमंजुरीशिवाय वकिलांना समन्स काढू नये, असे परिपत्रक संचालनालयाने काढले. गुजरातमधील एका वकिलास पोलिसांनी पाठविलेल्या नोटिशीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या या प्रश्नाची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने निर्णय दिला.

या निर्णयानुसार, कलम १३२ मधील अपवाद लागू होत असल्याखेरीज तपास अधिकाऱ्याने प्रकरणाचा तपशील जाणून घेण्यासाठी आरोपीच्या वकिलास समन्स काढू नये. अपवाद लागू होतो असे म्हणावयाचे असल्यास त्याची कारणे समन्समध्येच नमूद करावीत आणि पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसेल अशा वरिष्ठाची लेखी संमती घ्यावी. अशा समन्सला न्यायालयात आव्हान देता येते. वकिलाकडील डिजिटल उपकरण केवळ संबंधित न्यायालयापुढेच सादर करावयाचे असून ते उघडताना अशील आणि वकील यांना आपल्या पसंतीच्या तंत्रज्ञासह उपस्थित राहता येते. मात्र दस्तऐवज हजर करणे कलम १३२ च्या संरक्षणात येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. कंपन्यांच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. वकिलाच्या कपाटात ठेवल्याने करारनामा वा हिशेबाची वही गोपनीय होत नाही.

पगारी विधी अधिकाऱ्यांबाबतचा निष्कर्ष मात्र त्यांच्या दृष्टीने निराशाजनक आहे. ते न्यायालयात वकिली करणारे अधिवक्ते नसल्याने कलम १३२ चा विशेषाधिकार त्यांना मिळणार नाही. मालकाच्या बाहेरील विधी सल्लागाराशी त्यांनी केलेल्या संवादास कलम १३४ चे संरक्षण आहे. खुद्द मालक आणि विधी अधिकारी यांच्यातील संवादास ते नाही. नोकरीत असलेल्याचे हित मालकाच्या व्यवसायाशी बांधलेले असते, म्हणून बाहेरच्या वकिलाचे स्वातंत्र्य त्याच्या ठायी गृहीत धरता येत नाही, अशी यामागची विचारसरणी आहे.

या विचारसरणीत तथ्य आहे. इन्फोसिसमध्येच २०१६ अखेरपर्यंत विधी प्रमुख आणि अनुपालन प्रमुख ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे होती आणि हे मोठ्या कंपन्यांत मुळीच अपवादात्मक नाही. अशा अधिकाऱ्याचे कोणते पत्र वकिलाचे आणि कोणते व्यवस्थापकाचे, हे त्यालाही सांगता येणार नाही. तरीही व्यक्तीच्या नोकरीवरून संरक्षण ठरविण्यापेक्षा संवादाच्या हेतूवरून ते ठरविणे अधिक सयुक्तिक झाले असते, असे मला वाटते. याचा आर्थिक परिणाम उघड आहे. मोठ्या कंपन्या नाजूक विषय बाहेरच्या विधी संस्थांकडे पाठवितील आणि त्याची किंमत मोजतील. पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्यास ते परवडणार नाही. तेथील एकुलता एक विधी अधिकारी अडचणीची गोष्ट कागदावर लिहिण्याऐवजी दूरध्वनीवर सांगेल. अनुपालनाचा जो लेखी माग राहावयास हवा, तोच नाहीसा होईल.

सनदी लेखापालांची स्थिती याहून वेगळी आहे. अशिलाची माहिती संमतीशिवाय उघड करणे हे १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमानुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते, पण ते पुराव्याच्या कायद्यातील संरक्षण नव्हे. न्यायालयाने विचारल्यास त्यांना सांगावेच लागते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ साली प्रुडेन्शियल प्रकरणात लेखापालांनी दिलेल्या करविषयक सल्ल्यास हा विशेषाधिकार नाकारला. शिवाय मे २०२३ मध्ये भारत सरकारने अशिलांच्या वतीने विशिष्ट आर्थिक व्यवहार करणाऱ्या सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापालांना धनशोधन प्रतिबंध कायद्याच्या कक्षेत आणले. वकिलांचा त्या अधिसूचनेत समावेश नव्हता.

भागधारक, नियामक आणि कंपनी

नारायण मूर्ती यांच्या मागणीकडे पुन्हा पाहिल्यास एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. कंपनीच्या पैशाने घेतलेला सल्ला अखेर कोणाचा? अशील कंपनी आहे आणि कंपनी ही भागधारकांपासून भिन्न अशी कायदेशीर व्यक्ती आहे, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. तरीही इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून असा नियम रूढ होता की, परस्परांत वाद नसताना घेतलेला सल्ला कंपनीस आपल्याच भागधारकांपासून लपविता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने जुलै २०२५ मध्ये बर्म्युडातील जार्डिन स्ट्रॅटेजिक प्रकरणात हा नियम निराधार ठरवून मोडीत काढला. अमेरिकेत १९७० च्या गार्नर खटल्यापासून मधला मार्ग आहे. भागधारकांनी सबळ कारण दाखविल्यास न्यायालय संरक्षण बाजूला ठेवू शकते. हा मधला मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो.

भारतात हा प्रश्न पुराव्याच्या कायद्याऐवजी नियमनाच्या वाटेने सुटत आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २२७ नुसार निरीक्षकांच्या चौकशीतही विधी सल्लागारास विशेषाधिकारप्राप्त संवाद उघड करावा लागत नाही. अशिलाचे नाव आणि पत्ता तेवढा सांगावा लागतो. दुसरीकडे सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये सूचिबद्धतेच्या नियमांत दुरुस्ती करून, न्यायवैद्यक लेखापरीक्षण सुरू झाल्याची बातमी आणि त्याचा अंतिम अहवाल शेअर बाजारास कळविणे कंपन्यांवर बंधनकारक केले. नियामक अथवा तपास यंत्रणेने सुरू केलेल्या लेखापरीक्षणाच्या अहवालास यातून वगळण्यात आले आहे. नाव काहीही दिले तरी वित्तीय विवरणांतील चुकीची माहिती, अपहार किंवा निधी वळविणे शोधण्याच्या उद्देशाने केलेली तपासणी या तरतुदीखाली येते, असा खुलासाही सेबीने केला. २०१७ सारखी चौकशी आज झाली, तर ती विधी संस्थेने केली म्हणून वकिलाचा सल्ला मानावयाची, की हिशेबांची तपासणी म्हणून शेअर बाजाराकडे पाठवावयाची, हा वाद पहिल्याच दिवशी उभा राहील. सेबीची कसोटी हेतूची आहे आणि सर्वोच्च न्यायालयाची व्यक्तीच्या दर्जाची, हा विरोधाभास अभ्यासकांनी टिपून ठेवावा.

जप्तीच्या प्रसंगी आणखी एक अडचण येते. पूरनमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली असे म्हटले होते की, झडती नियमबाह्य असली तरी तीत मिळालेला संबद्ध पुरावा केवळ तेवढ्या कारणाने अग्राह्य ठरत नाही. त्यामुळे वकिलाचा सल्ला एकदा का जप्त केलेल्या संगणकातून तपास अधिकाऱ्याच्या वाचनात आला, की नंतर मिळणाऱ्या संरक्षणाचे व्यावहारिक मूल्य बरेच घटते.

एक ई-पत्र, अनेक कायदे

नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार बहुराष्ट्रीय कंपन्यांची १,७०० हून अधिक क्षमता केंद्रे भारतात होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. बंगळुरू हे या केंद्रांचे देशातील सर्वांत मोठे ठिकाण आहे. पूर्वी तेथे संगणक प्रणाली लिहिल्या जात. आता करार तपासणे, अनुपालन पाहणे, परदेशातील खटल्यांसाठी दस्तऐवज चाळणे ही कामेही होतात.

समजा, अशा एका केंद्रातील विधी अधिकाऱ्याने एका प्रतिस्पर्धी कंपनीशी करावयाच्या करारातील किमतीच्या अटीविषयी टिपण लिहिले. त्याच्या पूर्वार्धात स्पर्धा कायद्यातील धोका सांगितला आहे, उत्तरार्धात त्या अटीमुळे नफ्यावर होणारा परिणाम. हे टिपण न्यूयॉर्कमधील विधी प्रमुखास, पॅरिसमधील विक्री संचालकास आणि बंगळुरूतील वित्त व्यवस्थापकास एकाच वेळी गेले. अमेरिकी न्यायालय टिपणाचा हेतू पाहील. विधी अधिकाऱ्याची नोकरी तेथे आड येणार नाही आणि नफ्याचा भाग काळी पट्टी मारून वेगळा काढण्याचा निर्देशही मिळू शकेल. युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत पूर्वार्धासही संरक्षण मिळणार नाही. कारण १९८२ च्या एएम अँड एस निर्णयाने हे संरक्षण स्वतंत्र वकिलांपुरते ठेवले आणि २०१० साली आक्झो नोबेल प्रकरणात युरोपीय न्यायालयाने कंपनीतील पगारी वकिलांना ते स्पष्टपणे नाकारले. भारतीय स्पर्धा आयोगापुढे वा न्यायालयापुढे तोच कागद मागितला गेला, तर २०२५ च्या निर्णयानंतर उत्तर युरोपच्या जवळ जाणारे असेल. तेच टिपण विधी अधिकाऱ्याने प्रथम बंगळुरूतील एखाद्या वकिली करणाऱ्या अधिवक्त्याकडे अभिप्रायासाठी पाठविले असते, तर त्या संवादास कलम १३४ लागू झाले असते. मात्र विक्री संचालकास आणि वित्त व्यवस्थापकास स्वतंत्रपणे गेलेल्या प्रतींना त्याचा आधार घेता आला नसता.